शिंगाळ्याचा काटा

माझं काम मासे मोजायचं. होडी काठाला लागली की मासे जातवार वेगळे करायचे, लांबी-वजन घ्यायचं, वहीत मांडायचं. चार पावसाळे मुडावदच्या घाटावर, पांझरा तापीला मिळते तिथे, हेच केलं. मासा मात्र एकही स्वतः धरला नव्हता.

"चार साल व्हयनात भो, एक मासा धरता ये नही तुले?" घाटावरचे म्हातारे भोई आबा एकदा सगळ्यांदेखत म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्याशेजारी दगडावर. हातात बांबूची काठी, तंगूस म्हणजे गळाची दोरी, तिच्यावर तरंगायला मोरपीस, आणि गळाला गांडूळ.

सप्टेंबर होता. वर साक्रीकडे पाऊस झालेला, त्यामुळे पांझरा गढूळ, चहासारखी. तापी त्या मानाने निवळ. मी शहाणपणाने गळ निवळ पाण्यात टाकला. तासभर काही नाही.

"मासा काय दखस? पाणी दख, पाणी," आबा म्हणाले.

मग दिसलं. दोन्ही पाणी एकदम मिसळत नव्हतं. मधून एक वाकडी रेघ खाली गेलेली, एका अंगाला गढूळ, दुसऱ्या अंगाला हिरवट, रेघेवर काड्या-फेस गोळा झालेला. पांझरेने वाहून आणलेले किडे-गांडुळं तिथेच अडकतात, आणि मासा कडेच्या संथ पाण्यात तोंड उघडून थांबतो. नोकरीच्या सुरुवातीला हिमाचलात ट्राउटबद्दल हेच ऐकलं होतं: दोन धारा घासतात तिथे गळ टाका. तो बर्फाच्या पाण्यातला मासा, तापीत एक दिवस टिकायचा नाही. पण पोटापुढे त्याची आणि आमच्या शिंगाळ्याची अक्कल सारखीच.

रेघेवर टाकल्यावर मोरपीस दोनदा थरथरलं. मी काठी उचलणार, तोच आबांनी मनगट धरलं. "थांब. तो चाखी ऱ्हायना." पीस सरळ बुडालं तेव्हा हात सोडला.

शिंगाळाच होता, हातभर लांब, लांबलचक मिशांचा. आनंदाच्या भरात मी त्याला मधोमध पकडायला गेलो आणि अंगठ्यातून वीज गेली. शिंगाळ्याला तीन काटे असतात, पाठीवर एक, कल्ल्यांमागे दोन. घाबरला की ते ताठ करतो आणि मुळाशी कडी घातल्यासारखे अडकवतो, मग दाबून मिटत नाहीत. बाजूच्या काट्यांना आतून करवतीचे दात. हे सगळं मला तोंडपाठ होतं.

आबांनी मासा उचलला तो डोक्याकडून, बाजूच्या काट्यांच्या मागे बोटं अडकवून. मला टपरीवर नेऊन अंगठा सोसवेल तितक्या गरम पाण्यात बुडवायला लावला. ठणका अर्ध्या तासात निम्म्यावर आला. "आते वळखशी त्याले," एवढंच बोलले.

वहीतली त्या दिवसाची शेवटची नोंद डाव्या हाताची आहे. शिंगाळा, 61 सेंमी. साधनाच्या रकान्यात पहिल्यांदाच 'गळ'. वजनाचा रकाना कोरा. मी काटा आणेपर्यंत आबांनी मासा घरी पोचता केला होता.