सल्ला घेतात हो, ऐकत नाहीत

मंगळवारी रात्री साडेदहाला घरी आले, स्वयंपाकाचा मूड नव्हता, मॅगी केली आणि नवऱ्याला म्हटलं, ह्या अमेरिकेपेक्षा आपलं पुणं बरं. सकाळी वाक्य मागे घेतलं, पण रात्री खरंच तसं वाटत होतं.

झालं काय, आम्ही राहतो ते मिनियापोलिस शहराला चिकटलेलं एक छोटं गाव (नाव नको, शेजारी गुगल ट्रान्सलेट वापरतात). आमच्या पार्कच्या कडेला ओकची चार जुनी झाडं आहेत, एकाला कवेत घ्यायला दोन माणसं लागतील एवढी, आणि ती काढून तिथे पार्किंग वाढवायचंय. पार्कसाठी एक कमिशन आहे, सात माणसं, बिनपगारी, सगळी गावातलीच. मे महिन्यात मी त्यांच्यासमोर बोलले. समोर छोटासा सिग्नल, हिरवा, मग पिवळा, तीन मिनिटं झाली की लाल, माझं इंग्लिश पिवळ्यालाच संपलं. तरी सगळ्यांनी ऐकलं, एकाने नकाशा मागवला, आणि ५ विरुद्ध २ मतांनी ओक ठेवायचे ठरले. मी पार्किंगमधूनच आईला फोन लावला, तिकडे सकाळचे सात, ती दूध तापवत होती, म्हणाली, "बघ, नाहीतर आपल्याकडे!"

आणि परवा सिटी कौन्सिलच्या, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारख्या सभेच्या, मीटिंगला तोच विषय दहा-बारा विषयांच्या गठ्ठ्यात घालून एका दमात मंजूर, पार्किंगसकट. चर्चा शून्य. कमिशनमधल्या एक रिटायर्ड शिक्षिका शेजारी बसल्या होत्या, त्यांनी डब्यातला लेमन बार माझ्या हातात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, आम्ही फक्त शिफारस करतो, बंधनकारक काहीच नसतं. लग्नाच्या हॉलला अ‍ॅडव्हान्स देऊन झाल्यावर आजोबांना विचारतात ना, "मग, हॉल कुठला बघायचा?" तसं हे कमिशन.

संताप जास्त झाला कारण पंधरा मिनिटांवर मिनियापोलिस आहे. तिथलं पार्क बोर्ड १८८३ सालचं, राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला, लोकांनी मत देऊन तो मान्य केला, आणि तेही कौन्सिलचा विरोध असताना! नऊ कमिशनर, सहा वॉर्डांसारख्या भागांतून आणि तीन अख्ख्या शहरातून, चार वर्षांसाठी थेट निवडून येतात. प्रॉपर्टी टॅक्समध्ये त्यांचा वेगळा हिस्सा, पोलिस वेगळे, रस्त्याकडेची झाडंसुद्धा त्यांच्याच ताब्यात. आम्ही रविवारी जातो ती तळी, त्यांच्याभोवतीचे चालायचे रस्ते, हे बिल्डरच्या हातात गेलं नाही ते ह्या लोकांनी वेळेवर जमिनी घेऊन ठेवल्या म्हणून. अ‍ॅशच्या झाडांना कीड लागली तेव्हा हजारो झाडं ह्यांनीच काढली आणि ह्यांनीच नवीन लावली, फाइल ह्या खात्यातून त्या खात्यात फिरली नाही. मुद्दा एवढाच की पैसा ज्याच्या हातात त्याचा सल्ला ऐकावाच लागतो, आमचं कमिशन उद्या स्वतंत्र बोर्ड झालं तर कौन्सिलला असा गठ्ठा बांधता येणार नाही.

नवऱ्याचं म्हणणं, मग सेंट पॉलचं काय? नदीपलीकडचं शहर, तिथे स्वतंत्र बोर्ड नाही, पार्क सिटीचंच एक खातं आहे, आणि देशातल्या पार्कांच्या रँकिंगमध्ये तेही वरच असतं. शिवाय २०२४ च्या जुलैमध्ये मिनियापोलिसच्या पार्क कामगारांनी ह्याच बोर्डाविरुद्ध संप केला होता. कॅनडात व्हँकुव्हरला तर १८९० पासून निवडून येणारं बोर्ड आहे आणि २०२३ च्या डिसेंबरात मेयरनेच ते बंद करायचं काढलं. हे सगळं खरं आहे, पण तो मीटिंगला आला नव्हता, त्यामुळे त्याचं मी निम्मंच धरते.

आता पुणं. तिकडे वृक्ष प्राधिकरण आहे, त्याचे अध्यक्ष स्वतः महापालिका आयुक्त, म्हणजे रस्ता काढणारेही तेच आणि झाडाचा निर्णय घेणारेही तेच. २०२२ च्या मार्चपासून जवळजवळ चार वर्षं तर नगरसेवकच नव्हते. पण लगेच खाली मान घालायची गरज नाही, वेताळ टेकडी वाचवायला माणसं रस्त्यावर उतरलीच की, त्यांना कुणी तीन मिनिटांचा दिवा लावला नव्हता. आणि एम्प्रेस गार्डन एक संस्था चालवते, महापालिका नाही, हेही इथल्या लोकांना सांगायला बरं वाटतं.

मी स्वतः पुण्यात असताना हरकती-सूचनांना एक ओळ पाठवलेली नाही हे मान्य, पण तेव्हा हिंजवडीहून घरी यायला नऊ वाजायचे, झाडं कधी बघणार.

गंमत पुढे आहे. लेमन बारवाल्या बाईंनी आता स्वतंत्र बोर्डासाठी सह्या गोळा करायला घेतल्यात. फॉर्म माझ्यापुढे आला, त्यावर लिहिलेलं, सही फक्त नोंदणीकृत मतदारांची. आमचं ग्रीन कार्डच अजून रांगेत, मत तर नागरिक झाल्यावर. म्हणजे उद्या बोर्ड झालंच तर मी त्याला टॅक्स भरणार आणि मत देता येणार नाही, आणि आत्ताच्या बिनकामाच्या कमिशनसमोर मला निदान तीन मिनिटं मिळतात! बाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या, म्हणाल्या, मग तू क्लिपबोर्ड धर.

तर शनिवारी फार्मर्स मार्केटला क्लिपबोर्ड धरून उभी राहणार आहे. ओकवर नारिंगी रंगाचे पट्टे मारून झालेत. उन्हाळ्यात ओक कापला तर बाकीच्यांना रोग लागतो म्हणून थंडीपर्यंत थांबणार आहेत, तेवढी काळजी मात्र घेतात.