फॉरमॅट दाबू नका, आधी ८ने भागून बघा

मागच्या महिन्यात घरातली ३ टीबीची एक्स्टर्नल डिस्क चालेना, म्हणजे डिस्क ठीक होती, डब्याचं यूएसबी पोर्ट गेलं होतं. आजोबांच्या भजनांची कॅसेटवरून काढलेली सगळी रेकॉर्डिंग तिच्यात, आणि मूळ कॅसेट कधीच बुरशी लागून गेल्या. मी डबा उघडून आतली डिस्क साटा केबलने थेट डेस्कटॉपला लावली, तर विंडोज म्हणतंय फॉरमॅट करा. पोटात गोळाच आला.

डिस्क मॅनेजमेंट उघडलं. डिस्क २७९४ जीबी, पार्टिशन (डेटासाठी आखलेला भाग) मात्र ३४९ जीबी आणि तेही रॉ, म्हणजे आतली फाइल सिस्टिम विंडोजला ओळखता येत नाही. २७९४ला ८ने भागा, ३४९च येतात! डिस्कवरच्या जागेचा सगळ्यात लहान तुकडा म्हणजे सेक्टर, त्याचे नेहमीचे आकार दोन, ४०९६ आणि ५१२ बाइट, आणि ४०९६ भागिले ५१२ पण ८च. इथे ट्यूब पेटली.

ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कवरची जागा बाइटमध्ये नाही, सेक्टरमध्ये मोजते, आणि एक सेक्टर केवढा ते तिला समोरचं डिव्हाइस सांगतं. पार्टिशन कुठे सुरू होतं आणि केवढं आहे ते पार्टिशन टेबलात लिहिलेलं असतं; त्याच्या जुन्या पद्धतीत, एमबीआरमध्ये, सेक्टरच्या आकड्याला ३२ बिटच असतात, त्यामुळे ५१२ बाइटच्या सेक्टरने गाडी २ टीबीच्या आसपास अडते. ३२ बिटच्या विंडोज एक्सपीला नव्या पद्धतीचं टेबल, जीपीटी, वाचता येत नव्हतं, म्हणून काही डब्यांमधली चिप सेक्टर ४०९६ बाइटचा आहे असं सांगायची, मग तेच टेबल १६ टीबीपर्यंत पुरतं. माझी डिस्क आतून ४०९६चीच, पण बाहेर ५१२ सांगते, डबा ते परत ४०९६ करून सांगायचा. डबा काढला आणि मधला दुभाषाच गेला. पार्टिशन २५६व्या सेक्टरला सुरू होतं असं टेबलात लिहिलंय, डब्यात असताना ती जागा १ एमबीवर यायची, आता विंडोज १२८ केबीवर शोधतंय, तिथे काय सापडणार? डेटा जागच्या जागी होता. तेव्हा हो म्हटलं असतं तर चुकीच्या जागी नवी फाइल सिस्टिम लिहिली गेली असती, आणि या एका मेसेजमुळे लोकांचा चांगला डेटा जातो याचा मला खरंच राग येतो.

मग पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, डिस्कवर रीड-ओन्ली लूप डिव्हाइस (खऱ्या डिस्कवर बेतलेली, फक्त वाचता येणारी आभासी डिस्क) बनवलं आणि त्याला सेक्टर साइज ४०९६ दिली. पार्टिशन लगेच दिसलं, माउंट झालं म्हणजे उघडलं, सगळी भजनं दुसऱ्या डिस्कवर कॉपी केली, रात्रभर चाललं.

घरातली दुसरी एक्स्टर्नल पण तपासली, तिचा डबासुद्धा ४०९६च सांगतो. डब्याच्या खालच्या बाजूला मार्करने तसं लिहून ठेवलंय.