तुम्ही विचारलंत म्हणून: मालकाने पैसा ओतायचा की नाही?

ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा मोसम, उघडली की मला हमखास विचारतात, तुम्ही फुटबॉलचे एवढे वेडे आणि तरी हात राखून खर्च करणाऱ्या मालकाची बाजू कशी घेता, क्लबने मोठी स्वप्नं बघूच नयेत का?

बघावीत की! पण पैसा कोणाचा आणि हरलो तर फेडणार कोण, हे मला आधी कळलं पाहिजे.

इंग्लंडमधल्या लीड्स युनायटेड क्लबचंच घ्या. 2001 साली चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेची, सेमीफायनल खेळले, तरणीबांड टीम, 18 मिलियन पौंडांना आणलेला रिओ फर्डिनांड. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या शेवटच्या दिवशी लेस्टरला 3-1 हरवलं, पण तिकडे लिव्हरपूलही जिंकलं, त्यांचे 69 पॉइंट, लीड्सचे 68, एका पॉइंटने पुढच्या वर्षीची चॅम्पियन्स लीग हुकली. हात आवरायची वेळ तीच होती हो, पण त्यांनी त्याच वर्षी पुढे होणाऱ्या तिकीटविक्रीच्या भरवशावर 60 मिलियन पौंडांचं कर्ज उचललं, वर रॉबी फाउलर हा स्ट्रायकरही आणला. पुढच्या सीझनला पाचवे, म्हणजे चॅम्पियन्स लीग पुन्हा हुकली. मग फर्डिनांड विकला, एकेक करून बाकीचे विकले, 2004 ला रेलिगेट झाले, म्हणजे खालच्या लीगमध्ये घसरले, आणि एलंड रोड, म्हणजे स्वतःचं ग्राउंडसुद्धा विकावं लागलं. प्रीमियर लीगमध्ये परत यायला 2020 उजाडलं.

आता ब्रायटन क्लबचा मालक टोनी ब्लूम बघा, त्यानेही भरपूर पैसा ओतलाय, पण स्वतःचा, आणि स्टेडियम, स्काउटिंग (नवे खेळाडू हेरणं) अशा गोष्टींत, ज्या दहा मॅच हरलात तरी जागच्या जागी राहतात. कायसेडो हा खेळाडू साधारण साडेचार मिलियनला घेतला नि 2023 मध्ये चेल्सीला 100 मिलियनच्या वर विकला. अर्थात सगळा डोलारा एकाच माणसाच्या खिशावर उभा असणं मला तिथेही खटकतं, उद्या तो निघून गेला तर?

मी एवढं पोटतिडकीने का बोलतो ते ‘बरी’ (Bury) या इंग्लिश क्लबमुळे. 1885 चा क्लब, इंग्लंडची एफए कप ही मानाची स्पर्धा दोनदा जिंकलेला. 2019 च्या एप्रिलमध्ये वरच्या लीगमध्ये प्रमोशन मिळवलं, तेव्हा खेळाडूंचे पगारसुद्धा थकलेले होते. ऑगस्टमध्ये नवीन मालक येतोय असं कानावर आलं म्हणून शेकडो फॅन्स गिग लेन ग्राउंडवर जमले, सीट पुसल्या, स्टँड झाडून काढले, पुढची मॅच होणार या आशेवर. त्याच दिवशी सौदा फिसकटला आणि रात्री क्लबला लीगमधून काढून टाकलं.