लाल अकरा

वास्तुशांत असो नाहीतर कुणाची निवृत्ती, तुम्ही भेट म्हणून त्या खडूस म्हाताऱ्याचीच कादंबरी का देता? असं मला बरेच जण विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

कादंबरी स्वीडनच्या फ्रेड्रिक बॅकमनची, 'अ मॅन कॉल्ड ऊवे'. मूळ स्वीडिश, २०१२ची. ऊवे तसा म्हातारा नव्हेच, ५९ वर्षांचा. बायको गेलेली, नोकरी सुटलेली. रोज सकाळी कॉलनीत फेरी मारणार, पाहुण्यांच्या गाड्यांचे नंबर टिपून ठेवणार. आता जगायचं कशाला, म्हणून तो सगळं आवरायला निघतो आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी दार वाजवतं. शेजारी शिडी मागतात. परवाने नावाची गरोदर शेजारीण, ती तर गाडी शिकवा म्हणते! त्याला समजावत कुणी बसत नाही, सरळ कामाला लावतात. मला पुस्तक आवडतं ते एवढ्यासाठी. शेवट जरा जास्तच गोड आहे. तिथं मी पानं भराभरा उलटते.

आणि खरं सांगू? ऊवे मला नवा नव्हताच. आमच्या पेठेत समोरच एक काका राहायचे. गल्ली त्यांना वचकून. पोरांचा चेंडू त्यांच्या अंगणात गेला की गेलाच. २०१९च्या ऑगस्टात पंचगंगेला पूर आला, उपसा केंद्रं बुडाली. गावाला पाण्याचा वेढा आणि नळाला थेंब नाही. टँकर आला की नुसती झुंबड. दुसऱ्या दिवशी काका खडू घेऊन रस्त्यावर. ओल्या घागरीवर खडू टिकेना, तसा घरातून लाल रंगाचा डबा आणि ब्रश आणला. प्रत्येक भांड्यावर नंबर. आईलाही सोडलं नाही. "वैनी, तुमचा अकरा. मागं सरा. टँकर काय पळून चाललाय?" आमच्या कळशीवर तो अकरा अजून आहे.

त्यांच्या शेजारच्या माडीवर नवं भाडेकरू जोडपं होतं, बाळ दोन महिन्यांचं. नवरा कामावर अडकलेला, रांगेला कोण येणार? काकांनी स्वतःची भरलेली कळशी जिना चढून दारात ठेवली आणि खाली येऊन ओरडले, "रिकामी झाली की परत पायजे!"

पूर ओसरल्यावर तिनं ती परत केली. रिकामी कशी द्यायची, म्हणून आत रव्याचे चार लाडू. संध्याकाळी काका जिन्याखाली उभे. "कळशी पाण्याची असती. डबा न्हाई व्हय घरात?"

लाडू मात्र परत आले नाहीत.