नमुनाच खोटा असेल तर

रविवार, रात्र

गुन्हेमालिकेत दस्तऐवज-तज्ज्ञ आला की पुढचं दृश्य ठरलेलं असतं. तो दोन सह्या पडद्यावर एकमेकींवर सरकवतो, रेघ न् रेघ जुळते, संगीत चढतं आणि सही खरी ठरते. प्रत्यक्ष कामात तशी रेघ न् रेघ जुळली की तज्ज्ञ सावध होतो. कुणीही माणूस दोनदा तंतोतंत सारखी सही करत नाही. हात, बैठक, पेन, घाई यांनुसार अक्षराची उंची, तिरकेपणा, शेवटचा झटका थोडा हलतोच. दोन सह्या हुबेहूब निघाल्या तर एक दुसरीवरून गिरवलेली असते, स्कॅन करून चिकटवलेली असते, किंवा दोन्ही तिसऱ्याच सहीवरून उतरवलेल्या असतात.

गिरवलेली सही भिंगाखाली बहुधा स्वतःच बोलते. हात हळू चाललेला असतो, म्हणून रेघेची दोन्ही टोकं बोथट होतात. खऱ्या सहीत पेन कागदाला टेकण्याआधीच हलत असतं आणि उचलतानाही हलत असतं, त्यामुळे टोकं निमुळती राहतात. गिरवणारा वळणावर थांबून मूळ सही बघतो, तिथे शाईचा ठिपका जमतो. दाब सगळीकडे सारखाच लागतो. म्हातारपणाचा कंप वेगळा. त्या सहीत रेघ थरथरते, पण माणूस बेफिकीरपणे पुढे जातो, अक्षरं अर्धवट सोडतो. खोटी सही करणारा थरथरतोही आणि प्रत्येक अक्षर काळजीने पूर्णही करतो. या दोन गोष्टी एकाच सहीत दिसल्या की संशय पक्का होत जातो.

पण ही सगळी लक्षणं निकामी करणारं प्रकरण १९८३ साली जर्मनीत घडलं, आणि टीव्हीच्या थरारपटाला त्याहून चांगलं कथानक मला माहीत नाही. ‘स्टर्न’ साप्ताहिकाने हिटलरच्या तथाकथित रोजनिश्यांच्या साठेक वह्या तब्बल ९३ लाख मार्क मोजून मिळवल्या. त्या आणून देणारा पत्रकार गेर्ड हाइडेमान, आणि लिहिणारा श्टुटगार्टचा जुन्या लष्करी वस्तूंचा व्यापारी कोनराड कुयाऊ. २५ एप्रिलला हँबुर्गमध्ये पत्रकार परिषद झाली, ६ मेला वह्या खोट्या असल्याचं जाहीर झालं. ब्रिटनमध्ये १९९१ साली यावर पाच भागांची टीव्ही मालिकाही झाली.

कुयाऊ गिरवत नव्हता. वर्षानुवर्षं सरावाने ते अक्षर त्याच्या हातात बसलं होतं, त्यामुळे रेघेत थांबणं नाही, कंप नाही. प्रकाशनाआधी हस्ताक्षर तीन तज्ज्ञांकडे गेलं. त्यांत झुरिक पोलिसांच्या प्रयोगशाळेचे माजी प्रमुख मॅक्स फ्राय-झुल्झर होते, अमेरिकेचे ऑर्डवे हिल्टन होते. ही नावं किरकोळ नाहीत. तिघांचंही मत ‘हात एकच’ असं आलं. आणि ते एका अर्थाने बरोबरही होतं, कारण तुलनेसाठी दिलेल्या ‘खऱ्या’ नमुन्यांत कुयाऊनेच बनवलेले कागद मिसळलेले होते. खोट्याची तुलना खोट्याशी झाली. मला या प्रकरणातला सगळ्यात थरारक क्षण हाच वाटतो: प्रयोगशाळेत काहीही चुकलेलं नाही, आणि तरी उत्तर सपशेल चूक आहे.

इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांना बँकेतल्या तिजोरीतला वह्यांचा ढीगच पटवून गेला. इतकं सगळं खोटं कोण लिहील, असं वाटणं स्वाभाविक आहे. पुढे कागदाने निकाल दिला. अतिनील दिव्याखाली पानं चमकली, कारण कागदात शुभ्रता वाढवणारं रसायन होतं. धुण्याच्या पावडरीमुळे पांढरा शर्ट त्या दिव्याखाली निळसर उजळतो, त्याच जातीचं हे रसायन, आणि ते कागदात आलं महायुद्धानंतर. बांधणीत पॉलिएस्टर सापडलं. शाईतल्या क्लोराइडच्या चाचणीत वह्या गेल्या दोन वर्षांत लिहिलेल्या निघाल्या. पानं जुनी दिसावीत म्हणून कुयाऊने त्यांवर चहा ओतला होता. चहाने रंग जुना होतो, लगदा नाही. एका वहीच्या मुखपृष्ठावर तर अ‍ॅडॉल्फमधल्या ‘ए’ ऐवजी जर्मन वळणाचं ‘एफ’ चिकटवलेलं होतं.

क्रम लक्षात घ्यावा: दिवा लावायला मिनिटभर लागतं आणि कागदाला काही होत नाही. ती तपासणी पैसे देण्याआधी व्हायला हवी होती.

क्रमावरूनच मालिकांतलं दुसरं लाडकं दृश्य आठवतं. वहीचं वरचं पान फाडून नेलंय, गुप्तहेर खालच्या पानावर पेन्सिल आडवी घासतो आणि मजकूर उमटतो. हे बघून खरंच जीव कळवळतो. पेन्सिलीने उथळ ठसे बुजतात, आणि पुढची प्रत्येक तपासणी बिघडते. आधी तिरका प्रकाश टाकायचा: दिवा कागदाच्या जवळपास पातळीला, खोली अंधारी, चारही बाजूंनी फोटो. मग एस्डा नावाचं यंत्र. कागदाला थोडी दमट हवा देतात, सच्छिद्र धातूच्या पट्टीवर ठेवून खालून हवा ओढतात, वर अतिशय पातळ प्लास्टिक पसरतात, त्यावर उच्च दाबाचा विद्युतभार देतात आणि टोनर सोडतात. लिहिताना दबलेल्या जागी टोनर जास्त बसतो. वरची दोन-तीन पानं सोडून खालच्या पानावरचा मजकूरही यातून वाचता येतो, आणि कागदावर डागही राहत नाही. बोटांचे ठसे दिसावेत म्हणून निनहायड्रिन या रसायनात कागद आधी भिजवला, तर मात्र लिखाणाचे हे दबलेले ठसे गेले. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम बाँबस्फोटांच्या खटल्यातल्या सहा निरपराधांची १९९१ मध्ये सुटका झाली, तेव्हा पोलिसांच्या जबाबाच्या टिपणांची अशी एस्डा तपासणी महत्त्वाची ठरली होती.

आपल्याकडे बहुतेक वाद मृत्युपत्र, खरेदीखत आणि धनादेशांचे असतात, आणि सह्या बऱ्याचदा देवनागरीत. देवनागरी खोटं लिहिणाऱ्याला फार अवघड जाते. शिरोरेघ कुणी शब्द संपल्यावर एका दमात ओढतं, कुणी अक्षरागणिक, कुणी देतच नाही. वेलांटी खालून वर जाते की वरून खाली, अनुस्वार टिंब आहे की छोटी तिरकी रेघ, ‘ळ’चं दुसरं वेटोळं बंद होतं का. माझ्या मते सगळ्यात बोलकी जागा सहीखालची रेघ आणि तिच्याखालचे दोन ठिपके. नक्कल करणारा सगळं लक्ष नावावर घालवतो आणि ठिपके उरकून टाकतो; त्यांचं अंतर, दाब आणि ठिपका देताना पेन किंचित ओढलं गेल्याची दिशा त्याच्या स्वतःच्या सवयीची येते.

नमुने घेताना मात्र इथेही जर्मनीसारखीच गफलत होते. वादग्रस्त सही समोर ठेवून ‘अशी सही करा’ म्हणायचं नाही. मजकूर तोंडी सांगायचा, प्रत्येक सही वेगळ्या कागदावर, झाली की कागद उचलून घ्यायचा. पंधरा-वीस तरी सह्या, त्याच जातीचं पेन, तेवढीच जागा. त्यांच्या जोडीला वादाच्या आधीचे, त्याच एक-दोन वर्षांतले कागद हवेत: बँकेचा फॉर्म, नोंदणीकृत दस्त, जुना अर्ज. आणि त्यातला प्रत्येक कागद कुठून आला, कुणाच्या ताब्यात होता, हे आधी तपासायचं. वारसाने स्वतः आणून दिलेली ‘वडिलांची सही’ हा नमुना धरायचा नाही.

न्यायालयही तज्ज्ञाचं मत डोळे मिटून घेत नाही. मुरारीलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली म्हटलं की दुजोरा हवाच असा नियम नाही, पण मत सावधपणे घ्यावं आणि त्यामागची कारणं तपासावीत. भारतीय साक्ष अधिनियमात तज्ज्ञाच्या मताची तरतूद कलम ३९ मध्ये आहे. मालिकेत कारणं सांगायला वेळ नसतो, फक्त ‘जुळलं’ म्हणतात.

झेरॉक्सवरून सही तपासायला आली तर मूळ कागद मागवावा. झेरॉक्समध्ये दाब येत नाही, शाईचा थर येत नाही, पेन कुठे उचललं ते येत नाही. मूळ कागद घडी न घालता पाकिटात ठेवायचा, टाचणी-स्टेपल नाही, आणि पाकिटावरचा क्रमांक, तारीख, सही हे सगळं कागद आत घालण्याआधी लिहून घ्यायचं. नंतर लिहिलं तर त्या पेनाचा ठसा आतल्या कागदावर उमटतो आणि एस्डावर तोही वाचायला मिळतो.