आमची वाटचाल : पत्रीपासून नालेपर्यंत

घोडा आधी ऐकायचा, मग बघायचा, आणि हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. डांबरी रस्त्यावरून घोडा चालवत आणला की चार ठोके कानावर येतात. त्यातला एखादा दबका पडला, तर त्या पायावर भार द्यायला तो कचरतोय हे खूर उचलायच्या आधीच समजतं. वाईतून पाचगणीकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं दुकान आहे. तिथं मी बत्तीस वर्षं काम करतोय, पण हे ऐकणं मला पहिली दहा वर्षं येत नव्हतं. तेव्हा आमच्याकडे घोडे नव्हते, बैल होते.

आजोबांनी दुकान मांडलं ते पत्री, म्हणजे बैलाच्या खुराखाली ठोकायची लोखंडी पट्टी, मारण्यासाठी. एक ऐरण, कातड्याचा भाता, सांडशी, दोन हातोडे, खूर तासायची रापी आणि कासऱ्याचं वेटोळं, एवढंच भांडवल. बाजाराच्या दिवशी सामान सायकलला बांधून ते गावोगाव जायचे. वडिलांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, रस्त्याकडेला छप्पर घातलं आणि एका जागी काम सुरू केलं.

ज्यांनी पत्री मारताना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैलाचा खूर दुभंगलेला असतो, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. एका बैलाला आठ, जोडीला सोळा. घोडा उभ्यानं पाय देतो, बैल तसा देत नाही, त्याला पाडावा लागतो. पाडणं म्हणजे ढकलणं नव्हे. कासरा मानेला अडकवायचा, एक वेढा छातीमागून आणि एक मांड्यांच्या पुढून घ्यायचा, आणि मागच्या बाजूला सरळ, एकसारखं ओढत राहायचं. बैल आपसूक गुडघे टेकून बसतो आणि मग कुशीवर होतो. जमीन मऊ हवी, शिंगाखाली पोतं हवं. पोट भरलेला बैल अण्णा कधी पाडत नसत. कुशीवर पडलेल्या बैलाच्या पोटात वायू धरतो, पोट फुगतं आणि दम कोंडतो. म्हणून गाडीवानांना निरोप असायचा, सकाळी वैरण घालायच्या आधी या. चारी पाय बांधून लाकडावर टेकवले की मग काम झटझट उरकायचं. बैलाच्या खुराची भिंत घोड्यापेक्षा पातळ, त्यामुळे खिळे बारीक, आणि तेही फक्त बाहेरच्या कडेनं.

पत्री मारून झाली, दोर सुटला, बैल उठला की गाडीवान पैसे काढायचा. अण्णा हात पुढे करायचे नाहीत. "दहा पावलं चालव," म्हणायचे. बैल चालला, पाय नीट टेकला, की मगच पैसे. लहानपणी मला वाटायचं ही अण्णांची सवय आहे. तो आमच्या धंद्याचा पाया होता, हे मला फार उशिरा उमगलं.

उसाचा हंगाम म्हणजे आमचा हंगाम. भुईंजच्या साखर कारखान्याचा बॉयलर पेटला की पहाटे चारपासून दारात गाड्या उभ्या राहायच्या. उसानं भरलेली गाडी डांबरी सडकेवर ओढताना खूर कानशीवर घासल्यासारखा झिजतो. बिनपत्रीचा बैल काही दिवसांतच तळव्याला हुळहुळा होतो. रंगपंचमीच्या आधी बावधनच्या बगाडासाठी, म्हणजे जत्रेत बैलांनी ओढायच्या लाकडी रथासाठी, बैल तयार करणारेही यायचे, खूर तासून घ्यायला. बगाड शेतांतून ओढलं जातं, तिथं पत्रीपेक्षा खुराचा आकार महत्त्वाचा. त्या दिवसांत अण्णा एकेका बैलाला दुप्पट वेळ द्यायचे आणि पैसे घ्यायचे नाहीत.

मग उसाच्या वाहतुकीत ट्रॅक्टर वाढले, गाड्या घटल्या. ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली, तेव्हा शर्यतीच्या खोंडांचं काम थांबलं. १६ डिसेंबर २०२१ला परवानगी मिळाली, १८ मे २०२३ला घटनापीठानंही शर्यतींना मुभा देणारा कायदा उचलून धरला, आणि ती गिऱ्हाइकं पुन्हा दिसायला लागली. पण पत्रीचा धंदा आटणार हे मला त्याच्या बऱ्याच आधी दिसलं होतं.

२००३च्या उन्हाळ्यात पाचगणीचा एक घोडेवाला लंगडता घोडा घेऊन आमच्या दारात आला. अण्णांनी पाय पाहिला आणि म्हणाले, "हे आमचं काम नाही. मी हात लावला तर बिघडवीन." तो माणूस घोडा चालवत परत घाटाला लागला. पसरणी घाट त्या जनावरानं तीन पायांवर चढला असेल. मला त्या रात्री झोप आली नाही. ज्या साताऱ्यात छत्रपती शाहू महाराजांची गादी होती, जिथून फौजा निघायच्या, त्या जिल्ह्यात घोड्याचा पाय बघायला माणूस मिळू नये? शिलेदारांना मोहिमेआधी जी रोख उचल मिळायची तिला जुन्या कागदांत नालबंदी असाच शब्द आहे. घोड्याच्या पायात नाल पडल्याशिवाय स्वारी हलायची नाही, म्हणून हा शब्द.

मी गुरू शोधायला लागलो. खटाव तालुक्यात लष्करातून निवृत्त झालेले एक हवालदार होते. सैन्याच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्ये त्यांनी उभी नोकरी नालबंद म्हणून केली होती, शिक्षण मेरठच्या केंद्रात. मी त्यांना काका म्हणायचो. हंगाम सोडून उरलेले महिने असं दीड वर्ष मी त्यांच्याकडे जात होतो.

काकांनी सुरुवातीला माझ्या हातात खडू दिला. फरशीवर खूर काढायचे. पुढचा खूर गोलसर, मागचा टोकाकडे निमुळता. काढायचा, पुसायचा, पुन्हा काढायचा. पुढच्या पायांवर घोड्याचं निम्म्याहून जास्त वजन असतं, म्हणून तो आकार तसा आहे, हे त्यांनी आधी सांगितलं नाही. मी विचारल्यावर सांगितलं. नंतर घोड्याला बाजूनं उभं करून नळीखालच्या सांध्यापासून खुरापर्यंतचा उतार बघायला लावायचे. सांध्याचा उतार आणि खुराच्या पुढच्या भिंतीचा उतार एका सरळ रेषेत हवा. खुराचं नाक लांब वाढलं की ती रेषा मोडते आणि पायामागच्या शिरांवर ताण येतो. नालबंदानं रापीनं आणि कानशीनं करायचं काम ते हेच आहे, रेषा परत आणायची. नाल त्यानंतर येते.

खिळ्याची गोष्ट मी आजही शिकणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशी सांगतो. घोड्याचा खिळा सरळ दिसतो, पण त्याच्या टोकाला एका बाजूनं उतार दिलेला असतो. ती बाजू आत ठेवायची, म्हणजे खिळा ठोकताना बाहेर वळतो आणि खुराच्या भिंतीतून वर निघतो. उलटा धरला तर तो आत शिरतो. खुराच्या तळाला भिंत आणि तळवा यांच्यामध्ये एक फिकट रेघ असते. तिच्या बाहेरचं शिंगासारखं, त्याला वेदना नाही. तिच्या आत जिवंत मांस. म्हणजे आपल्या सगळ्या कामाला बोटाच्या पेराएवढीही जागा नाही. शिवाय खुराच्या सगळ्यात रुंद भागाच्या मागे, टाचेकडे, खिळा मारायचा नाही. प्रत्येक पावलाला टाच फाकते आणि परत मिटते, खिळ्यानं ती जखडली तर पाय आखडत जातो. बाजारात मी टाचेपर्यंत खिळे मारलेले घोडे पाहतो, तेव्हा त्या जनावराला काही बोलता येत नाही याचा फार त्रास होतो.

२००५पासून मी पाचगणी आणि महाबळेश्वरला जायला लागलो. मोटरसायकलला दोन पेट्या, एकीत ठोकायचं सामान, दुसरीत नाला. तिकडची जमीन जांभ्याची. पाचगणीच्या टेबल लँड पठारावर दिवसभर फेऱ्या मारणाऱ्या घोड्याची नाल सहा आठवड्यांत कागदासारखी होते. पावसाळ्यात उलटा प्रश्न. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, ओल्या तबेल्यात खूर भिजून मऊ पडतो, तळव्यातल्या मऊ त्रिकोणाच्या खाचांत घाण साचून कुजते आणि वास सुटतो. तेव्हा नालेपेक्षा कोरडी जमीन आणि रोज खूर साफ करणं हेच औषध. हे मी घोडेवाल्यांना सांगत राहिलो. काहींनी ऐकलं.

२०११च्या मे महिन्यात माझ्या हातून चूक झाली. गर्दीचे दिवस होते, एका सकाळी मी सहावा घोडा करत होतो. पांढरी घोडी, शांत. पुढच्या डाव्या पायाला आतल्या बाजूचा तिसरा खिळा मारताना तिनं पाय थोडा खेचला. मी धरला आणि ठोकला. ठोक्याचा आवाज बोदा आला होता, तो मला आजही आठवतो. चौथ्या दिवशी घोडेवाल्याचा फोन आला, घोडी पाय टेकत नाही. मी खिळे एकेक करून काढले. त्या खिळ्याचं टोक ओलं आणि काळं निघालं. खिळा मांसाला लागून आत पू झाला होता. जनावरांच्या डॉक्टरांनी पू काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पाय गरम मिठाच्या पाण्यात रोज भिजवला. घोडी वाचली, पण साडेतीन आठवडे तिच्या मालकाचा हंगाम बुडाला. त्याचं रोजचं उत्पन्न मी हप्त्यांनी भरून दिलं. तो नको म्हणत होता. मी दिलं.

त्यानंतर दोन नियम केले. दिवसाला चार घोड्यांच्या वर काम नाही, मे महिना असो की दिवाळी. आणि प्रत्येक घोड्याची नोंद. ही वही माझी पत्नी ठेवते. कुठल्या दिवशी कुठला पाय, किती तासला, कुठली नाल, कुठे भेग आहे, चालताना काय दिसलं. खूर महिन्याला पाऊण ते एक सेंटीमीटर वाढतो, वरून खालपर्यंत नवा व्हायला वर्षाच्या आसपास लागतं. म्हणजे आज केलेली चूक किंवा आज दिलेला आकार पुढच्या वर्षीपर्यंत त्या पायात असतो. वही नसेल तर हे लक्षात कसं राहणार? एका घोड्याच्या चारी खुरांवर आडव्या कडा उमटलेल्या दिसल्या, तेव्हा पत्नीनंच मागची पानं उलटून सांगितलं की आधीच्या भेटीत पायांना ऊब जास्त होती. त्याला हंगामात धान्य फार दिलं जात होतं. मालकाला डॉक्टरांकडे पाठवलं, खुराक बदलला.

मार्च २०२०मध्ये सगळं बंद पडलं. पर्यटक नाहीत, घोडे दावणीला. मालकांकडे दाण्याला पैसे नाहीत, मग नालेला कुठून असणार? पण खूर वाढायचा थांबत नाही. परवानगी काढून मी घाट चढलो, नाला काढून घेतल्या आणि फक्त खूर तासत राहिलो. पैशांची गोष्ट कुणी काढली नाही. त्या काळात एक गोष्ट शिकलो. नाल नसताना बऱ्याच घोड्यांच्या आखडलेल्या टाचा रुंद झाल्या. तेव्हापासून पावसाळ्याच्या सुट्टीत शक्य त्या घोड्यांच्या नाला आम्ही उतरवतो. त्यात आमचं उत्पन्न कमी होतं, आणि तरी ते बरोबर आहे असं मला वाटतं.

२०२३च्या सप्टेंबरमध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली. तिच्या १८ व्यवसायांच्या यादीत लोहार आहे, नालबंद नाही. मी लोहार म्हणून नोंद केली. ते खोटं नाही, ऐरणीवर नाल वळवतो तो लोहारच. अवजारांसाठी १५ हजारांचं ई-व्हाउचर मिळालं, पुढं ५ टक्के व्याजानं १ लाखाचं कर्ज. त्यातून जुनी व्हॅन घेतली आणि भट्टी तिच्यात बसवली. आता नाल जागेवर तापवून पायाच्या मापाला वळवता येते. पण मनात एक खंत आहे. ब्रिटनमध्ये १९७५च्या कायद्यानं नोंदणी असलेल्या माणसालाच घोड्याला नाल मारता येते, आणि नोंदणीआधी काही वर्षांची उमेदवारी. आपल्याकडे ज्याच्या हातात हातोडा तो नालबंद. सैन्यात आणि रेसकोर्सवर शिकलेली माणसं आहेत, पण पाचगणीच्या घोड्याच्या वाट्याला ती येत नाहीत. आयटीआयमध्ये यासाठी सहा महिन्यांचा वर्ग सुरू झाला तर शिकवायला मी फुकट जाईन. हे मी संबंधितांना लेखी कळवलं आहे.

तोवर दुकान हाच वर्ग. माझा भाचा तीन वर्षं माझ्याबरोबर आहे आणि पाचगणीच्या एका घोडेवाल्याचा मुलगा दीड वर्षं. दोघांनाही आधी खडू दिला. अण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत, दुपारी दुकानात येऊन बसतात. बैल आला तर कासऱ्याची गाठ अजून तेच तपासतात.

मागच्या महिन्यात भाच्यानं पहिल्यांदा चारही पाय एकट्यानं केले. मी लांब, व्हॅनला टेकून उभा होतो, बोलायचं नाही असं ठरवून. मागच्या उजव्या पायाला दुसरा खिळा अर्धा गेला आणि तो थांबला. घोडा हलला नव्हता, मला तर काहीच वेगळं जाणवलं नव्हतं. त्यानं सांडशीनं खिळा परत बाहेर काढला, टोक बोटावर पुसून पाहिलं. कोरडं होतं. "आवाज बदलला मामा," म्हणाला, आणि ते भोक सोडून पुढच्या भोकाला खिळा लावला. काम संपल्यावर मालकानं पाकीट काढलं. भाच्यानं लगाम त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "आधी दहा पावलं चालवा."