भावकीचा आकडा

२३ नोव्हेंबर २०२४, विधानसभेची मतमोजणी. मी शाळामास्तर, त्या दिवशी काउंटिंग सुपरवायझर. टेबल कुठलं ते पहाटे ५ ला कळलं, ८ ला पोस्टल सुरू झालं आणि मग आमच्याकडं कंट्रोल युनिटं (मतदान यंत्राचा मतं साठवणारा भाग) यायला लागली. जाळीच्या पलीकडं उमेदवारांचे एजंट, मोबाईल कुणाकडंच नाही, हातात वही, पेन आणि मतदानादिवशी मिळालेल्या १७ सी च्या (केंद्रावर एकूण किती मतं पडली त्या फॉर्मच्या) कॉप्या.

त्यात एक पन्नाशीचे गृहस्थ होते, कामाला एकदम पक्के. मशीनचा नंबर मोठ्याने वाचायला लावायचे, सील नीट दाखवा म्हणायचे, एकूण मतं १७ सी शी जुळली की मगच मान हलवायचे. मला बरं वाटलं, प्रत्येक उमेदवाराला असा माणूस मिळायला पाहिजे.

मग त्यांच्या स्वतःच्या वाडीचं मशीन आलं. सील ठीक, नंबर तोच, एकूण आकडा जुळला. मी रिझल्टचं बटण दाबलं. समोरच्याला यांच्या उमेदवाराच्या दुपटीच्या वर. त्यांनी पेन टेकवलं पण लिहिलं काहीच नाही.

"सर, परत दाखवा."

परत दाखवलं.

"असं होऊच शकत नाही." आणि मग एकदम हळू आवाजात, "माझ्या भावकीचीच मतं याच्यापेक्षा जास्त आहेत हो."

शेवटी चिठ्ठी टाकून काढलेल्या ५ केंद्रांच्या व्हीव्हीपॅट स्लिपा (मत दिल्यावर छापून पडणाऱ्या चिठ्ठ्या) मोजल्या, त्याही जुळल्या. संध्याकाळी सुटलो तर गेटजवळ हे एकटेच बसलेले. मी म्हणलं दादा, चहा घेऊ. बोलता बोलता विचारलं, लोकसभेला पण तुम्हीच एजंट होता ना, तेव्हा शंका नाही आली? तर म्हणे, "तेव्हा वाडीनं दिलं होतं ना." थोडा वेळ गप्प बसले. "उद्या वाडीतच जायचंय सर. मशीन खोटं म्हणलं तर मी कुणाच्याही ओसरीवर बसू शकतो. खरं म्हणलं तर कुणाकडं बसू?"

मला काय बोलावं सुचेना.

पुढं दहा दिवसांत मारकडवाडीचं गाजलं. माळशिरस मतदारसंघातलं गाव, मशीनच्या आकड्यावर शंका म्हणून ३ डिसेंबरला गावकरी स्वतःच बॅलेटवर मतदान घेणार होते, प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते राहिलं. बाहेरच्यांना कळेना, कारण या गावकऱ्यांचे उमेदवार उत्तमराव जानकर तर निवडून आले होते! पण गावात त्यांना ८४३ आणि विरोधातल्या राम सातपुतेंना १००३. सीट मिळाली होती तरी गावाचा आकडा लोकांना पटत नव्हता. मला लगेच ते गेटवरचे दादा आठवले.

नेत्यांचं वेगळं असतं, त्यांचे हिशोब वेगळे. मी बोलतोय ते वाडीतल्या माणसाबद्दल, ज्याने घरोघरी फिरून शब्द घेतलेला असतो आणि केंद्रनिहाय आकडा त्याला थेट सांगतो की तो शब्द कुणी पाळला नाही. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक ठिकाणी वेगवेगळ्या केंद्रांच्या एकत्र मिसळून मोजायचे. मशीनसाठी तसाच टोटलायझर, म्हणजे अनेक केंद्रांच्या मशीनमधली मतं एकत्र करून मोजणारं यंत्र, आणायचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्येच दिलाय, २०१५ ला विधी आयोगानेही शिफारस केली, अजून झालेलं नाही. पडताळणी हवीच, एजंटने सील तपासलंच पाहिजे, स्लिपा अजून जास्त मोजा म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण नाही. पण टोटलायझर आणाच. त्या दादांना हरल्याचं कळू दे, भावकीचं कळायची काही गरज नव्हती.